लाकडी जहाजांच्या प्रतिकृती : नवशिक्याने पहिली नौका कोणती निवडावी आणि कशी बांधावी

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की त्यांना लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद नव्याने सुरू करायचा आहे. सुतारकामाचा अनुभव नाही, घरात एक टेबल मोकळे करता येईल एवढीच जागा आहे, आणि 'एचएमएस व्हिक्टरी' या प्रसिद्ध युद्धनौकेचे किट परदेशातून मागवण्याचा त्यांचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. ते घ्यावे का, नसल्यास सुरुवात कशापासून करावी, हत्यारे आणि लाकूड कोणते लागेल, आणि पुढेमागे मराठ्यांच्या आरमारातले एखादे गलबत बांधता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण व्हिक्टरी मोठी आहे एवढेच नाही. १७६५ साली चॅटम येथे पाण्यात उतरलेली आणि आज पोर्टस्मथ येथे जतन केलेली ही नौका १०४ तोफांची होती. तोफेचा गाडा बनवताना जे शिकायचे ते पहिल्या चार-पाच गाड्यांत शिकून होते आणि उरलेल्या सगळ्या गाड्यांवर केवळ चिकाटी खर्च होते. दोरकामाचेही तसेच आहे. मात्र सांगाड्यावर फळ्या चढवण्याचे काम संपूर्ण प्रतिकृतीत एकदाच येते, तेही सुरुवातीलाच, म्हणजे हात सर्वांत कच्चा असताना. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, जितकी फुगीर तितके हे काम अवघड, आणि व्हिक्टरीच्या वर्गातल्या मोठ्या युद्धनौकांची नाळ विलक्षण फुगीर असते. अशा प्रकारे नवशिक्या माणूस या छंदातले सर्वांत कठीण काम आधी करतो, ते मनासारखे होत नाही, आणि मग त्याच वाकड्या अंगावर पुढची काही वर्षे नाजूक काम करण्याचा उत्साह त्याला उरत नाही. माळ्यावर पडून राहिलेली बहुतेक अर्धवट जहाजे याच टप्प्यावर थांबलेली असतात.

आपल्याकडच्या माणसाला दुसरा एक मोह होतो, तो 'एचएमएस ट्रिंकोमाली'चा. मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. तिचे आराखडे मुंबईकडे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकल्यामुळे ते आराखडे गेले आणि नव्याने पाठवावे लागले. ही कथा माहीत झाली की हे जहाज आपल्या हातून घडावे असे कोणालाही वाटेल. वाटू द्यावे, पण तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे, त्यामुळे १:६४ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढ्या आकारात, केवळ कायाच ७० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि पुढची तिरकी काठी धरली तर कपाटात मावत नाही. तिसरी किंवा चौथी प्रतिकृती म्हणून ती योग्य आहे.

पहिली प्रतिकृती म्हणून उघडी, डेक नसलेली लहान होडी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मॉडेल शिपवेज या अमेरिकी कंपनीने नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवून तीन किटची एक मालिका काढली आहे : १:२४ प्रमाणातील लोवेल ग्रँड बँक्स डोरी, १:१२ मधील नॉर्वेजियन प्रॅम (लहान शिडाची होडी) आणि १:२४ मधील मस्कॉन्गस बे लॉबस्टर स्मॅक (डेक असलेली शिडाची मासेमारी नौका). डोरी म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात कॉड मासे धरण्यासाठी वापरली जाणारी सपाट बुडाची होडी. बसण्याच्या आडव्या फळ्या काढून ठेवल्या की ती एकीत एक बसते, म्हणून मोठ्या शिडाच्या जहाजाच्या डेकवर अशा अनेक होड्या रचून नेत. लोवेल हे नाव १७९३ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये चालत आलेल्या होडीबांधणीच्या कारखान्याचे आहे. या होडीला बाजूच्या फळ्या मोजक्या असतात आणि त्या एकीवर एक चढतात, त्यामुळे कडेला उतार कसा द्यायचा, फळी नाळेला कशी भिडते, दोन्ही बाजू सारख्या कशा राखायच्या हे सर्व एका लहानशा वस्तूत शिकता येते. बिघडली तर नुकसान थोडे. स्मॅकपर्यंत पोहोचेपर्यंत सांगाडा, एकमेकींना कडेने भिडणाऱ्या फळ्या, डेक आणि शीड यांची ओळख क्रमाने होते.

किट निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे सूचनापुस्तिका आणि नकाशे : छायाचित्रे कितीही असोत, प्रत्यक्ष प्रमाणात काढलेला नकाशा नसेल तर ते किट नवशिक्याने घेऊ नये. दुसरे म्हणजे अस्सलपणा. नामवंत कंपन्यांच्या आराखड्यांची परस्पर नक्कल करून निम्म्या किमतीत विकली जाणारी किट ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांत लाकूड हलके, सूचना अपुऱ्या, आणि मूळ आरेखकाला त्याच्या कष्टाचा पैसा मिळत नाही तो वेगळाच. आयात शुल्क आणि कुरिअर धरल्यावर अस्सल किट महाग पडते हे खरे आहे. परंतु म्हणूनही लहान नौका घेणेच शहाणपणाचे ठरते.

हत्यारांवर सुरुवातीला फार खर्च करू नये. बदलत्या पात्याचा बारीक चाकू आणि पात्यांचा मोठा साठा, पोलादी पट्टी, लहान गुण्या, सोनाराकडे असतात तशा बारीक कानशींचा संच, अर्ध्या ते एक मिलिमीटरची भोके पाडणारे हाताने फिरवायचे ड्रिल, दोन चांगले चिमटे, बोटभर लांबीचा रंधा, आणि १२०, २२० व ३२० नंबरचे पॉलिशपेपर एवढ्यावर डोरी पूर्ण होते. पकडीसाठी कपड्यांचे चिमटे आणि कागदाच्या काळ्या क्लिपा पुरतात. विजेच्या यंत्रांची गरज पहिल्या दोन नौकांना तरी पडत नाही. एक खर्च मात्र टाळू नये, तो म्हणजे डोक्याला लावायच्या भिंगाचा; चाळिशीनंतर हा छंद लागलेल्या माणसाला हात थरथरतात असे जे वाटते, ते पुष्कळदा नीट न दिसल्यामुळे असते.

लाकडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे आपल्याकडे एक समजूत आडवी येते. जहाजे सागवानाची, म्हणून प्रतिकृतीही सागवानाची असावी, असे अनेकांना वाटते. खऱ्या जहाजाला सागवानाइतके चांगले लाकूड नाही. पण लाकडाचे प्रमाण कमी केले म्हणून त्याच्या रेषा आणि छिद्रे लहान होत नाहीत. १:६४ मध्ये पाच मिलिमीटर रुंदीच्या फळीवर सागवानाची एकच ठळक रेष आली तर डोळ्याला ती खऱ्या फळीवरच्या तळहाताएवढ्या भेगेसारखी दिसते. शिवाय सागवान तेलकट असते, चिकटवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग स्पिरिटने पुसला नाही तर गोंद नीट धरत नाही. प्रतिकृतीला बारीक, घट्ट आणि एकसारख्या पोताचे लाकूड लागते. युरोपात त्यासाठी बॉक्सवुड आणि पेअर वापरतात. किटमध्ये सहसा बासवुड किंवा लाइम आणि वरच्या थरासाठी अक्रोड असतो. आपल्याकडे हेदू हे फिकट पिवळे, बारीक पोताचे लाकूड या कामाला फार चांगले आहे. शिवण त्याहून हलके आणि कापायला सोपे आहे. बाल्सा हे लाकूड दुकानात सहज मिळते म्हणून फळ्यांसाठी घेतले जाते, पण नखाने दबणारे लाकूड कडेने घासताच उडते. त्याचा उपयोग कुठे आहे ते पुढे सांगतो.

आता सांगाडा. डोरीनंतरच्या बहुतेक किटमध्ये पद्धत अशी असते : प्लायची एक उभी पाटी जहाजाच्या मध्यातून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाते, तिला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि त्या खाचांत जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या पाट्या, म्हणजे बल्कहेड, बसतात. खाली पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा लांब कणा, पुढे नाळेचे लाकूड आणि मागे सुकाणूचा खांब जोडला जातो. पहिले काम म्हणजे ती मधली पाटी सरळ आहे का ते तपासणे. खिडकीच्या काचेवर ठेवून पाहिली की वाक लगेच कळतो. वाक असल्यास वाफ देऊन वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवावे. तो पुढे आपोआप निघेल अशी आशा धरू नये, कारण फळ्या चढल्यावर तो कायमचा होतो.

बल्कहेड चिकटवण्याआधी पठाण, नाळ आणि मागचा खांब यांच्या कडेने एक खाच कोरावी, जिच्यात फळीची कड अथवा टोक बसेल. पुष्कळ किटमध्ये ही खाच दिलेली नसते आणि सूचनापुस्तिकेतही तिचा उल्लेख नसतो. ती नसली तर फळ्यांची टोके नाळेवर उघडी पडतात किंवा धारदार करून कशीबशी टेकवावी लागतात, आणि तिथेच जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. सांगाडा जोडण्यापूर्वी पाटी सपाट टेबलावर असताना हे काम तासाभराचे आहे. नंतर ते जवळजवळ अशक्य होते.

बल्कहेड बसले, गुण्याने काटकोनात तपासले, आणि वाळले की फळ्या चढवण्याची घाई होते. इथे थांबावे. प्रत्येक बल्कहेडची कड सध्या चौकोनी कापलेली आहे, पण फळी तर वळत जाणार. म्हणजे नाळेजवळच्या बल्कहेडची पुढची धार आणि मागच्या बल्कहेडची मागची धार झिजवून कडेला उतार द्यावा लागतो, तेव्हाच फळी संपूर्ण कडेवर टेकते. याला फेअरिंग म्हणतात आणि माझ्या मते संपूर्ण छंदात हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. लेझरने कापलेल्या प्लायची कड जळून काळी झालेली असते, ती इथे मोठी सोय ठरते. लवचीक लाकडी पट्टीवर पॉलिशपेपर चिकटवून, एका वेळी किमान तीन बल्कहेड झाकले जातील अशा बेताने, मागेपुढे लांब हात मारत घासावे. काळी कड जिथे पुसट होते तिथे उतार मिळू लागला आहे; जिथे काळी रेघ उरली आहे तिथे अजून मिळालेला नाही. मधल्या बल्कहेडवर जवळजवळ संपूर्ण काळेपणा राहिला पाहिजे, कारण तिथे झिजवण्यासारखे काही नसते. घासून झाल्यावर एक पातळ पट्टी सांगाड्यावर आडवी धरून नाळेपासून मागेपर्यंत पाहावी आणि हीच तपासणी डेकच्या पातळीपासून पठाणापर्यंत पाच-सहा ठिकाणी करावी. पट्टी आणि बल्कहेड यांच्यामध्ये फट दिसली तर ती पट्टी दाबून मिटवू नये. खोल राहिलेल्या बल्कहेडच्या कडेला लाकडाचा पातळ काप चिकटवून भर घालावी आणि पुन्हा घासावे. पहिल्या दोन बल्कहेडमध्ये नाळेच्या बाजूला आणि मागे शेवटच्या दोघांमध्ये बाल्साचे ठोकळे भरून त्यांनाही आकार दिला तर फळ्यांना तीव्र वळणावर टेकायला जागा मिळते. बाल्साचा खरा उपयोग हा आहे.

फळ्यांचे गणित सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जहाजाचा घेर मध्यावर सर्वांत मोठा आणि टोकांकडे लहान असतो, पण फळ्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. म्हणून प्रत्येक फळी संत्र्याच्या फोडीसारखी मध्यावर रुंद आणि टोकांकडे अरुंद असावी लागते. किटमधल्या पट्ट्या मात्र सर्वत्र सारख्या रुंदीच्या असतात, आणि नवशिक्या त्या तशाच चिकटवत जातो. चार-पाच पट्ट्यांनंतर त्या नाळेजवळ वर चढू लागतात आणि खाली विचित्र त्रिकोणी पोकळ्या उरतात. हे टाळण्यासाठी कागदाची अरुंद पट्टी घेऊन प्रत्येक बल्कहेडवर डेकच्या रेषेपासून पठाणाच्या खाचेपर्यंतची लांबी वळणावरून मोजावी. समजा मध्यावर ती ८० मिलिमीटर भरली आणि आपल्या पट्ट्या ५ मिलिमीटरच्या आहेत, तर एका बाजूला १६ फळ्या लागतील. नाळेजवळच्या बल्कहेडवर ५२ मिलिमीटर भरले, तर तिथे प्रत्येक फळी ३.२५ मिलिमीटर रुंद असली पाहिजे. प्रत्येक बल्कहेडच्या कडेवर पेन्सिलीने असे सोळा भाग पाडून ठेवावेत. मग फळी कुठे किती रुंद हवी हे नजरेने ठरवण्याची गरजच राहत नाही. फळी सांगाड्यावर धरावी, खुणा तिच्यावर उतरवाव्यात, आणि दोन्ही बाजूंच्या जोडफळ्या एकत्र क्लिपेत धरून रंध्याने एकदमच उतरत्या कराव्यात.

नाळेजवळची रुंदी मूळ पट्टीच्या निम्म्याहून कमी येऊ देऊ नये. वरच्या उदाहरणात घेर ३६ मिलिमीटर भरला असता तर फळी सव्वादोन मिलिमीटरची झाली असती, आणि एवढ्या चिंचोळ्या टोकाला खऱ्या जहाजात खिळा मारायलाही जागा उरली नसती. अशा ठिकाणी खरे जहाजबांधकाम करणारे दोन फळ्यांची टोके मिळून एकच रुंद फळी पुढे नेत; प्रतिकृतीतही तसेच करावे. मागच्या बाजूला कधी उलट घडते : घेर ८८ मिलिमीटर भरला तर प्रत्येक फळी साडेपाच मिलिमीटरची हवी, पण पट्टी तर पाचचीच आहे. तिथे पाचरीच्या आकाराची एक जादा फळी मध्ये बसवतात. ही दोन्ही कामे पाहायला कठीण वाटतात, पण खुणा पाडलेल्या असतील तर कुठे काय करायचे ते सांगाडाच सांगतो.

पहिली फळी डेकच्या रेषेवर बसवावी, कारण संपूर्ण नौकेचा डौल त्या एका रेषेवर ठरतो. काही फळ्या वरून खाली झाल्यावर पठाणाला लागून असलेली फळी बसवावी. ही फळी नाळेकडे वर ओढण्याचा मोह फार होतो; ती खालीच संपली पाहिजे, नाहीतर वरच्या सर्व फळ्यांची जागा ती खाऊन टाकते. त्यानंतर दोन्हीकडून मध्याकडे येत जावे. एका बाजूला दोन फळ्या झाल्या की लगेच दुसऱ्या बाजूला दोन, हा नियम मोडू नये. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर वाळणाऱ्या गोंदाच्या आणि वाकवलेल्या फळ्यांच्या ताणाने पठाणच पिळवटतो, आणि तो सरळ करण्याचा मार्ग नाही.

फळी वाकवताना लक्षात ठेवावे की पातळ पट्टी तिच्या सपाट अंगाने सहज वाकते, पण कडेच्या दिशेने वाकायला नकार देते. जबरदस्ती केल्यास तिची एक कड सांगाड्यावरून उचलली जाते. तिला किंचित ओलसर करून टेबलावर सपाट ठेवावे, एक टोक क्लिपेने बांधावे, दुसरे टोक हव्या त्याहून थोडे जास्त कडेने वळवून तेही बांधावे, आणि हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी. गार झाल्यावर सोडली की बाक टिकतो. तीव्र वळणासाठी पट्टी दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवून साध्या इस्त्रीने वाकवली तरी चालते. ओली पट्टी तशीच चिकटवू नये. लाकूड वाळताना रुंदीत आकसते, आणि रात्री घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये सकाळी केसाएवढ्या फटी दिसतात. ती सांगाड्यावर क्लिपांनी बांधून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच गोंद लावावा.

गोंद म्हणून साधा पांढरा फेविकॉल उत्तम आहे. तो सावकाश धरतो, त्यामुळे फळी सरकवून नेमकी बसवायला वेळ मिळतो. जास्तीचा गोंद ओल्या कुंचल्याने लगेच पुसता येतो. आणि काही चुकल्यास आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून सांधा सोडवता येतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद एखाद-दुसऱ्या टोकाला चालेल, पण तो लाकडात शिरून डाग पाडतो, त्यावर पॉलिश चढत नाही, आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी ठेवूनच तो वापरावा. घासताना मास्क लावावा हेही इथेच सांगून टाकतो, कारण अक्रोडाची किंवा सागवानाची बारीक धूळ घशाला बरी नसते.

किटमध्ये पितळी खिळ्यांची पुडी असते. फळी तात्पुरती धरायला खिळे अर्धवट ठोकावेत आणि गोंद वाळल्यावर काढून टाकावेत. ते शोभेसाठी तसेच ठेवण्याची पद्धत आहे, परंतु सव्वा मिलिमीटर डोक्याचा खिळा १:६४ मध्ये आठ सेंटिमीटर डोक्याचा होतो, म्हणजे खऱ्या जहाजाच्या अंगावर वाटीएवढी पितळी बटणे. हा हिशोब प्रत्येक वस्तूला लावून पाहण्याची सवय फार उपयोगी पडते. शिडीच्या दोरीतल्या आडव्या पायऱ्यांमध्ये खऱ्या जहाजावर साधारण १३ इंच अंतर असते. १:६४ मध्ये ते ५ मिलिमीटर येते. किटच्या चित्रात ते ८ मिलिमीटर दाखवले असेल तर त्या शिड्यांवर चढायला सात-आठ फुटी खलाशी लागतील.

फळ्यांचे दोन थर देणारे किट नवशिक्याला सोपे जाते. पहिला थर दीड मिलिमीटर जाडीच्या लाइमचा असतो, त्यातल्या उंचसखल जागा घासून आणि लाकडाच्या भुशात गोंद कालवून भरता येतात, आणि वरचा अर्ध्या मिलिमीटरचा थर तेवढाच दिसतो. मात्र पहिला थर दिसणार नाही म्हणून तो कसाही करावा असे नाही. त्यावर फळ्यांच्या खुणा पाडण्याचा सराव करून घेतला, तर दुसऱ्या थराच्या वेळी हात स्थिर असतो. शेवटचे पॉलिश म्हणून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यावेत. ती आपल्याकडे सहज मिळते, लवकर वाळते आणि प्रतिकृतीला प्लास्टिकसारखी चकाकी येऊ देत नाही. रंग द्यायचाच असेल तर तो लाखेच्या थरावर द्यावा, म्हणजे लाकडात पसरत नाही.

डेकचे काम फळ्यांपुढे सोपे आहे. पट्टीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवली की खऱ्या डेकवरच्या डांबराच्या रेघेचा भास होतो. काळ्या मार्करने ती रेघ फार जाड येते.

दोरकामाविषयी नवशिक्याने फार धास्ती बाळगू नये. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे स्थिर दोर डांबरलेले असत म्हणून ते गडद रंगाचे घ्यावेत, आणि शिडे व परबाणे (शिडे ज्यांना बांधतात त्या आडव्या काठ्या) हलवणारे दोर फिकट तपकिरी. खालून वर, मध्यापासून बाहेर आणि मागून पुढे अशा क्रमाने बांधत गेल्यास पुढच्या गाठीला बोटे पोहोचतात. ताण मात्र बेताचा ठेवावा, कारण स्थिर दोर एकामागून एक आवळत गेले तर डोलकाठी मागे झुकत जाते आणि पहिले दोर सैल पडतात. पॉलिस्टरचा पीळदार धागा घ्यावा. सुती किंवा लिननचा धागा दमट हवेत आकसतो आणि कोरड्या हवेत सैलावतो, आणि जूनमधल्या मुंबईत व जानेवारीतल्या नाशकात हवेचे किती अंतर असते हे सांगायला नको.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. ऐन पावसात फुगलेल्या फळ्या बसवल्या तर हिवाळ्यात त्यांच्यामध्ये फटी पडतात. म्हणून फळ्यांचे काम दिवाळीनंतर आणि गाडे, खुंट्या, ठोकळे अशी सुटी कामे पावसाळ्यात, अशी विभागणी सोयीची पडते. पूर्ण झालेली नौका काचेच्या पेटीत ठेवावी, पण पेटी हवाबंद नको. लाकडातून आणि प्लायच्या गोंदातून निघणारे आम्ल बंद पेटीत साचते आणि शिशाच्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी धरते. पेटीच्या तळाला मागे दोन-चार बारीक भोके ठेवली की हा प्रश्न येत नाही. पेटी भिंतीपासून हातभर दूर असावी, म्हणजे वाळवी लागली तरी वेळीच दिसते.

राहिला प्रश्न गलबताचा. १८व्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांवरून आपल्याला एवढे कळते की गुराबांना, म्हणजे त्या आरमारातल्या मोठ्या युद्धनौकांना, दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे, आणि गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे असे. चित्रेही आहेत. परंतु लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात इंग्रजी जहाजांचे जसे मोजमापांसह आराखडे आहेत तसे आपल्या जहाजांचे नाहीत, कारण आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर कागदावर आराखडा न काढता नजरेने आणि दोरीने मापे घेऊन बांधत. त्यामुळे बाजारात 'मराठा गलबत' म्हणून जे मिळते ते कोणाच्या तरी कल्पनेतले गलबत असते, हे समजून घेऊनच ते घ्यावे. स्वतः बांधायचे असल्यास ते अनुमानावर आधारलेले आहे असे पाटीवर लिहावे, यात कमीपणा नाही.

त्यापेक्षा चांगला मार्ग असा की किनाऱ्यावर अजून उरलेली एखादी लाकडी होडी मोजावी. मालवण-वेंगुर्ल्याकडे आणि गोव्यात उलांडीच्या (तोल सांभाळण्यासाठी बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या), काथ्याने शिवलेल्या होड्या होत्या. फायबरच्या होड्या आल्यापासून त्या झपाट्याने कमी झाल्या आहेत, आणि ज्या उरल्या आहेत त्यांची नीट मापे घेतलेली प्रतिकृती ही नोंद म्हणूनही मोलाची ठरेल. मालकाची परवानगी घेऊन, होडी वाळूवर ओढलेली असताना, तिच्या बुडाखाली लाकडाचे तुकडे सारून ती आधी समपातळीत आणावी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मध्यावरून ताठ दोरी बांधावी आणि तिच्यावर दर दोन फुटांवर खूण करावी. प्रत्येक खुणेवर आडवी पट्टी धरून तिच्या टोकापासून ओळंबा सोडावा, आणि ओळंब्याच्या दोरीपासून होडीच्या अंगापर्यंतचे अंतर दर सहा इंच उंचीवर मोजून लिहावे. ही मापे १:१२ प्रमाणात आलेखाच्या कागदावर उतरवली की बल्कहेडचे आकार आपोआप मिळतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण नजरेने बांधलेल्या होडीच्या दोन बाजू पुष्कळदा सारख्या नसतात. फरक बोटभराचा असेल तर सरासरी घ्यावी, पण उलांडी ज्या बाजूला आहे तिकडचे अंग मुद्दामच वेगळे ठेवलेले असेल तर ते प्रतिकृतीतही तसेच ठेवावे, आणि ते मुद्दाम आहे की नाही हे होडीच्या मालकाला विचारून घ्यावे.